शब्दाचे शेजारी
(देऊळघाट येथील श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



ज्या गावाच्या नावातच दोन अर्थपूर्ण शब्द एकत्र नांदतात, त्या गावात शब्दार्थाविषयी बोलणे औचित्याचे ठरेल. देऊळ आणि घाट. त्यांपैकी 'घाट' या शब्दाकडे क्षणभर पाहावे. नदीवर बांधलेल्या पायऱ्या म्हणजे घाट. डोंगर ओलांडून जाणारी वाट म्हणजे घाट. तांब्याच्या कळशीची घडण सुबक असेल, तर तिचा घाट चांगला आहे असे म्हणतात. आणि घरात लग्नाची बोलणी सुरू झाली, की लग्नाचा घाट घातला असे म्हणतात. जुन्या वऱ्हाडाचे तर पयानघाट आणि बालाघाट असे दोन भागच होते. पूर्णेच्या खोऱ्यातील सखल मुलूख तो पयानघाट आणि दक्षिणेकडील उंच पठार तो बालाघाट. शब्द एकच, पण अर्थ पाच. ऐकणाऱ्याचा गोंधळ मात्र होत नाही. कळशीच्या घाटावर कोणी स्नानाला जात नाही आणि लग्नाच्या घाटात कोणाची बैलगाडी अडत नाही. असे का होते? कारण मनुष्य एकटा शब्द ऐकत नाही. शब्दाचे शेजारीही ऐकतो. या शेजाऱ्यांनाच संदर्भ म्हणतात.

व्यवहारातही हाच अनुभव येतो. बाजार समितीच्या आवारात 'आज भाव काय?' असा प्रश्न झाला, तर उत्तर सोयाबीनचे किंवा कापसाचे मिळते. मंदिरात 'भाव शुद्ध असावा' असे ऐकले, तर कोणाला क्विंटलचा हिशेब आठवत नाही. दुकानदाराच्या तोंडी 'द्रव्य' म्हणजे पैसा, पूजेच्या ताटात 'द्रव्य' म्हणजे अक्षता, फळे इत्यादी सामग्री आणि तत्त्वचर्चेत 'द्रव्य' म्हणजे जीव, पुद्गल आदी सहा मूळ पदार्थ. त्याच चर्चेत 'धर्म' आणि 'अधर्म' ही सहांपैकी दोन द्रव्यांची नावे आहेत. तेथे धर्म म्हणजे गतीला साहाय्यभूत होणारे आणि अधर्म म्हणजे स्थितीला साहाय्यभूत होणारे द्रव्य. पुण्य आणि पाप हे अर्थ तेथे लावले, तर संपूर्ण प्रकरण उलटेपालटे होते. पाठशाळेतील अनेक मुलांना शास्त्र कठीण वाटते, त्याचे एक कारण येथे आहे. शब्द ओळखीचा वाटतो. म्हणून घरचाच अर्थ लावला जातो आणि पुढचे वाक्य कळेनासे होते.

या प्रश्नाचा विचार आपल्या पूर्वसूरींनी खोलवर केला होता. भर्तृहरीने 'वाक्यपदीय' या ग्रंथात अनेकार्थी शब्दाचा नेमका अर्थ ठरविणारी साधने सांगितली आहेत. साहचर्य, विरोध, प्रकरण, औचित्य, देश, काल ही त्यांपैकी काही होत. 'सैंधव' शब्दाचे परंपरागत उदाहरण प्रसिद्ध आहे. जेवताना मागितलेले सैंधव म्हणजे मीठ, प्रवासाला निघताना मागितलेले सैंधव म्हणजे सिंधू देशाचा घोडा. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात पहिल्याच अध्यायात नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव असे चार निक्षेप येतात. एखाद्या मुलाचे नाव राजा असते, हा नामाने राजा. बुद्धिबळाच्या पटावरील लाकडी सोंगटी हा स्थापनेने राजा. उद्या गादीवर बसणार असलेला राजपुत्र हा द्रव्याने राजा. आज प्रत्यक्ष राज्य करीत आहे तो भावाने राजा. वाक्यात 'राजा' आला, की यांपैकी कोणता, हे आधी ठरवावे आणि मग अर्थ करावा, अशी ही शिस्त आहे.

ही शिस्त केवळ पुस्तकी नाही, याचा पुरावा वऱ्हाडातच घडलेल्या एका ग्रंथकार्यात मिळतो.

पुष्पदंत आणि भूतबली या आचार्यांचा 'षट्खंडागम' आणि त्यावरील वीरसेनाचार्यांची 'धवला' टीका यांची प्राचीन ताडपत्रे कर्नाटकातील मूडबिद्री येथे होती. शतकानुशतके ती बहुतेकांना केवळ दर्शनापुरतीच लाभत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांच्या नकला बाहेर आल्या आणि नकलांवरून पुन्हा नकला झाल्या. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात, म्हणजे आजच्या शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्थेत, संस्कृतचे प्राध्यापक असलेले डॉ. हीरालाल जैन यांनी हा ग्रंथ संपादनासाठी हाती घेतला. पंडित फूलचंद्र आणि पंडित हीरालाल हे सिद्धांतशास्त्री त्यांचे सहकारी होते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील डॉ. आ. ने. उपाध्ये यांचेही साहाय्य होते. मूळ ताडपत्रे हाती नव्हती. अमरावती, कारंजा आणि आरा येथील नकला समोर ठेवून काम चालले आणि १९३९ साली पहिला भाग अमरावतीहून प्रसिद्ध झाला.

त्या पहिल्या भागातील त्र्याण्णवाव्या सूत्रापाशी संपादक थांबले. सूत्रात गुणस्थानांची नावे क्रमाने येत होती. नकलांप्रमाणे ही यादी 'संजदासंजद' म्हणजे संयतासंयत या पाचव्या गुणस्थानापाशी संपत होती. केवळ सूत्र वाचणाऱ्याला त्यात काहीही खटकले नसते. वाक्य पूर्ण होते. परंतु त्याखालील धवला टीका वाचल्यावर मेळ बसेना. टीकाकार तेथे अशी शंका उपस्थित करतात, की या ठिकाणी चौदाही गुणस्थाने कशी संभवतात? आणि 'स्त्री' हा शब्द येथे द्रव्याने नव्हे, तर भावाने घ्यावयाचा आहे, असे तिचे समाधान करतात. सूत्र पाचव्या गुणस्थानावरच थांबत असेल, तर चौदांची शंका उद्भवतेच कशी? जो प्रश्न सूत्रातून निघत नाही, त्याचे उत्तर टीकाकार कशाला देतील? यावरून संपादकांनी अनुमान केले, की 'संजदासंजद' याच्यापुढे 'संजद' म्हणजे संयत हे आणखी एक पद मुळात असले पाहिजे. दोन शब्द इतके सारखे, की नकल करताना दुसरा सहज निसटावा.

मात्र अनुमान झाले म्हणून त्यांनी ते पद मुकाट्याने सूत्रात घातले नाही. नकलांत जे होते, ते सूत्रात तसेच ठेवले आणि तळटीपेत येथे 'संजद' हे पद राहून गेलेले दिसते, अशी नोंद केली. या एका शब्दावरून पुढे विद्वानांत मोठा वाद झाला; कारण त्याचा संबंध स्त्रीमुक्तीसारख्या तत्त्वप्रश्नाशी पोहोचत होता. पुढे मूडबिद्रीच्या ताडपत्रांशी ताडून पाहण्याची सोय झाली, तेव्हा त्यांत 'संजद' हे पद आढळले. स्त्रीमुक्तीविषयी पंथापंथांत मतभेद आहेत आणि त्यांचा निर्णय करणे हा या व्याख्यानाचा विषय नाही. येथे पाहावयाचे ते एवढेच, की जे पद डोळ्यांसमोर नव्हते, ते त्याच्या शेजाऱ्यांनी दाखवून दिले आणि ताडपत्राने त्याला साक्ष दिली.

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेत 'कंसातील योग्य शब्द निवडून रिकामी जागा भरा' असा प्रश्न येतो, तो याच विद्येचा पहिला धडा होय. 'वृद्ध माता-पित्यांची ...... करू नये.' पर्याय दोन: अपेक्षा, उपेक्षा. घाईने वाचणारा पहिला शब्द उचलतो. वाक्य सावकाश वाचणाऱ्याला मात्र खूण दिसते. अपेक्षा कोणाकडून तरी केली जाते, उपेक्षा कोणाची तरी होते. येथे 'माता-पित्यांची' असे आहे, 'माता-पित्यांकडून' असे नाही. एका प्रत्ययाने उत्तर दिले. 'दुष्काळात शेतकऱ्यांची अवस्था ...... झाली.' दिन की दीन? दिन म्हणजे दिवस. अवस्था दिवस होत नाही, म्हणून दीर्घ 'दी'. 'वराने वधूचे ......ग्रहण केले.' पाणि की पाणी? पाणि म्हणजे हात. विवाहाचा प्रसंगच ऱ्हस्व 'णि' लिहावयास सांगतो. शिर आणि शीर, सुत आणि सूत, सलिल आणि सलील, मिलन आणि मीलन या जोड्यांतही हाच न्याय. कान अनेकदा फसतो, कारण बोलताना ऱ्हस्व-दीर्घ स्पष्ट ऐकू येत नाही. अर्थ मात्र फसत नाही.

म्हणून रिकाम्या जागेपाशी थांबून पर्यायांकडे धावू नये. प्रथम पूर्ण वाक्य वाचावे. मग रिकाम्या जागेच्या मागचा आणि पुढचा शब्द पाहावा. लिंग, वचन, प्रत्यय आणि क्रियापद काय मागते ते तपासावे. वाक्यात 'पण', 'परंतु', 'म्हणून', 'कारण' यांपैकी काही असेल, तर ती मोठीच खूण समजावी. 'पण' विरोध सुचवितो, 'म्हणून' परिणाम. निवडलेला शब्द घालून वाक्य पुन्हा एकदा मोठ्याने वाचावे. आणि एवढे करूनही शंका उरली, तर कोश उघडावा. कोश एका शब्दाचे दहा अर्थ देतो. त्यांतला आपल्या वाक्याचा कोणता, हे शेवटी वाक्यच सांगते. दोघांचीही गरज आहे.

पालकांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुलाने अडलेल्या शब्दाचा अर्थ विचारला, की तो तत्काळ सांगण्याची घाई होते. त्याऐवजी 'ते सगळे वाक्य वाचून दाखव' असे म्हणावे. बहुतेक वेळा वाक्य वाचता वाचताच मुलाला अर्थ सापडतो, आणि स्वतः शोधलेला शब्द सहसा विसरला जात नाही.

हीच सवय मोठ्यांच्या व्यवहारात अधिक मोलाची ठरते. सभेतील एखादे वाक्य, पत्रातील एखादी ओळ, कोणाच्या तोंडचा एखादा शब्द त्याच्या शेजाऱ्यांपासून तोडून दुसऱ्या कानी घातला जातो आणि त्यावरून घराघरांत अबोला होतो. तो शब्द कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून, कोणत्या भावाने उच्चारला गेला, एवढे विचारण्याचे सौजन्य दाखविले तरी पुष्कळ कटुता टळेल. अमरावतीच्या संपादकांनी एका शब्दासाठी संपूर्ण टीका तपासली, आणि तरीही आपले अनुमान हे अनुमान म्हणूनच तळटीपेत ठेवले. अर्थ लावण्यापूर्वी सगळे वाचावे आणि लावलेला अर्थ आपला आहे हे लपवू नये, एवढी त्यांची दोन पथ्ये पाळली तरी शब्दांचा आणि माणसांचा, दोघांचाही मान राहील.