वाऱ्याला शीव नसते

गावाला शीव असते. शेताला बांध असतो. देशाला सरहद्द असते. पण वाऱ्याला शीव नसते, आणि वादळ काही कुणाचा सातबारा पाहून येत नाही. आज ते या देशाच्या किनाऱ्यावर असते, तर उद्या शेजारच्या. मग एकट्या गावाने, किंवा एकट्या देशाने, त्याच्याशी कसे झुंजावे? आज आम्ही याच गोष्टीविषयी बोलणार आहोत.

आधी वादळ होते कसे, ते पाहू. समुद्राचे पाणी खूप तापले की त्याची वाफ वर जाते. तिची जागा घ्यायला चहूकडून वारा धावतो. आपली पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून तो वारा सरळ न जाता गोल फिरू लागतो. वर गेलेल्या वाफेचे ढग होतात. ढग होताना उष्णता बाहेर पडते. ती या भोवऱ्याला आणखी जोर देते. यालाच आपण चक्रीवादळ म्हणतो.

या भोवऱ्याच्या मधोमध एक शांत जागा असते. तिला वादळाचा डोळा म्हणतात. डोळा गावावर आला की वारा एकदम पडतो. लोकांना वाटते, सुटलो बुवा! ते घराबाहेर येतात. पण थोड्याच वेळात उलट्या दिशेने तसाच वारा सुटतो, आणि बाहेर आलेली माणसे सापडतात. म्हणून वारा पडला तरी, वादळ गेल्याची खबर येईपर्यंत बाहेर पडू नये. हे नीट ध्यानात ठेवा.

वाऱ्याहूनही घातक असते ते उधाण. वादळ समुद्राचे पाणी पुढे लोटत आणते. ते पाणी सखल गावांत शिरते. पुष्कळदा वाऱ्याने मरतात त्याहून अधिक माणसे या पाण्याने मरतात.

आपल्या देशाच्या पूर्वेला बंगालचा उपसागर आहे. वादळे तिकडे अधिक होतात. पश्चिमेला अरबी समुद्र आहे. तिकडे ती कमी होत. पण आता चाल बदलली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी गेल्या चाळीसेक वर्षांच्या नोंदी तपासल्या. त्यांना दिसले की, अरबी समुद्र तापत चालला आहे. त्यातली वादळे वाढली आहेत आणि अधिक काळ टिकू लागली आहेत. जगभर कोळसा आणि तेल जाळून जो वायू हवेत जातो, तो उष्णता धरून ठेवतो. त्यातली पुष्कळशी उष्णता समुद्राच्या पोटात जाते. म्हणजे धूर कुठला, आणि वादळ कुठे!

आता एक दुःखाची गोष्ट सांगतो. १९७० सालचा नोव्हेंबर महिना होता. १२ तारखेच्या रात्री एक वादळ भोला नावाच्या बेटाकडच्या किनाऱ्यावर आदळले. तो मुलूख तेव्हा पूर्व पाकिस्तान होता. आज तो बांगला देश आहे. रात्रीची वेळ. लोक झोपलेले. समुद्राचे पाणी दोन पुरुषांहून अधिक उंच चढले. सकाळी पाहतात तो गावेच्या गावे नाहीशी झालेली. किमान ३ लाख माणसे त्या रात्री गेली, असा अंदाज आहे.

वादळ येत आहे हे कुणालाच ठाऊक नव्हते का? ठाऊक होते. पण ते किती मोठे आहे, आणि आपण काय करायचे, हे खेड्यातल्या माणसांना नीट कळले नाही. ज्यांना कळले, त्यांना जायला उंच पक्की जागा नव्हती.

या घातानंतर या भागातले देश जागे झाले. १९७२ साली जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा आशियासाठीचा आयोग यांच्या पुढाकाराने त्यांचे एक मंडळ झाले. आज या मंडळात १३ देश आहेत. भारत आहे, पाकिस्तान आहे, बांगला देश, म्यानमार, श्रीलंका, मालदीव, थायलंड आहेत. तिकडे अरबस्तानाकडचे ओमान, येमेन आणि इतर देश आहेत. इराणही आहे.

यांतल्या काही देशांची आपसांत भांडणे आहेत. काहींच्या लढायाही झाल्या. पण भाऊबंदांत बांधावरून कितीही तंटा असो, एकाच्या गंजीला आग लागली की दुसरा बादली घेऊन धावतोच. कारण वारा फिरला तर उद्या ठिणगी त्याच्याच गंजीत पडायची! हे मंडळ तसेच आहे.

मंडळाचे काम कसे चालते? प्रत्येक देश आपल्या समुद्रावरच्या वाऱ्याची, पावसाची खबर देतो. उपग्रह वरून ढगांची छायाचित्रे पाठवतात. दिल्लीला आपल्या हवामान खात्याचे एक केंद्र आहे. तेथे वादळाचा माग काढतात. वादळ कोठे आहे, कोठे जाईल, किती जोराचे होईल, हे सर्व देशांना कळवतात.

वादळांना नावेही हे देशच देतात. ही रीत २००४ साली सुरू झाली. प्रत्येक देशाने आपापली नावे दिली आहेत. ती पाळीपाळीने वापरतात. २०२० साली ३ जूनला आपल्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर वादळ आले. त्याचे नाव ‘निसर्ग’. ते नाव बांगला देशाने दिलेले होते. आपण दिलेले नाव ‘तेज’. ते वादळ २०२३ साली येमेनच्या किनाऱ्यावर गेले. नाव एकाचे, तडाखा दुसऱ्याला. यावरूनच समजा की हे संकट सामाईक आहे.

पण मंडळ झाले, दिल्लीहून इशारा गेला, म्हणजे काम झाले का? नाही. २००८ सालची गोष्ट ऐका. मे महिन्यात ‘नर्गिस’ नावाचे वादळ म्यानमारवर चालून गेले. भारताच्या हवामान खात्याने दोन दिवस आधी त्या देशाला कळवले होते. शेजाऱ्याने शेजारधर्म पाळला. पण इरावती नदीच्या मुखाजवळची जी खेडी होती, तेथपर्यंत तो इशारा पुरेसा पोचला नाही. माणसांना हलवले गेले नाही. सुमारे १ लाख ३८ हजार माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. खबर देशाच्या दारापर्यंत आली आणि झोपडीच्या दारापर्यंत गेलीच नाही. कालव्याला पाणी आले, पण पाटाची शेवटची चारी फुटकी, तर पीक वाळणारच. तसे हे झाले.

मग ही शेवटची चारी कशी दुरुस्त करायची? ते बांगला देशाने दाखवले आहे. तेथे १९७० नंतर गावोगाव स्वयंसेवक तयार केले. आज त्यांची संख्या ७० हजारांहून अधिक आहे. वादळाची खबर आली की ते सायकलवरून, पायी, कर्णा घेऊन वस्त्यांतून फिरतात. आपल्या बंदरांवर बावटा लावतात, तसे ते गावात झेंडे लावतात. थोडा धोका असेल तर एक झेंडा. वाढला तर दोन. तीन झेंडे दिसले की घर सोडायचे. ज्याला अक्षर येत नाही, त्यालाही झेंडा मोजता येतो.

तरीसुद्धा १९९१ सालच्या वादळात तेथे सव्वा लाखाहून अधिक माणसे गेली. तेव्हा त्यांनी शोध केला, लोक निघाले का नाहीत? कारणे साधी होती. निवारे थोडे, आणि तेही दूर. काही म्हणाले, मागे इशारा दिला होता, तेव्हा कुठे काय झाले? काहींना गुरे सोडवेनात. आणि बायका मोठ्या संख्येने गेल्या. पुरुषांनी भरलेल्या निवाऱ्यात कसे जायचे, घर आणि मुले टाकून कसे जायचे, म्हणून त्या मागे राहिल्या होत्या.

मग एकेका कारणावर उपाय केला. पक्के उंच निवारे वाढवले. रोज तेथे शाळा भरते, वादळात तेथेच माणसे राहतात. बायकांसाठी वेगळी सोय केली. स्वयंसेवकांत बायका घेतल्या. आज त्या जवळजवळ निम्म्या आहेत. गुरांसाठी मातीचे उंच ओटे बांधले. गाय वर सुरक्षित आहे म्हटल्यावर धनीही निघतो. २०२० सालच्या मे महिन्यात ‘अम्फान’ नावाचे फार मोठे वादळ आले. बांगला देशाने २० लाखांहून अधिक माणसे हलवली. तेथे मेलेल्यांची संख्या काही डझनांच्या आत राहिली. कुठे लाख, आणि कुठे डझन!

आपल्या ओडिशानेही हेच करून दाखवले. १९९९ च्या ऑक्टोबरातल्या वादळात तेथे सुमारे १० हजार माणसे गेली. २०१३ च्या ऑक्टोबरात ‘फायलिन’ आले. त्या वेळी १० लाखांच्या आसपास माणसे आधीच हलवली. मृत्यू पन्नासच्या आत राहिले.

आणखी एक उदाहरण. २०२३ च्या जूनमध्ये ‘बिपरजॉय’ वादळ कच्छवर आले. सरहद्दीच्या अलीकडे गुजरात, पलीकडे सिंध. दोन्हीकडचे लोक एकाच वादळाची वाट पाहत होते. दोन्हीकडे मिळून दीड लाखाहून अधिक माणसे आधीच हलवली. इकडेही जीव वाचले, तिकडेही वाचले.

आता आपल्याकडे वळू. ‘निसर्ग’ वादळाच्या वेळी इशारा वेळेवर आला. किनाऱ्यावरची माणसे हलवली. म्हणून जीव फार थोडे गेले. पण घरांचे पत्रे आणि कौले उडाली. वीज कित्येक दिवस आली नाही. आणि नारळ-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावली की फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. बापाने लावलेले झाड मुलाला पोसते. ते एका दुपारी गेले. इशाऱ्याने माणूस वाचतो, वाडी वाचत नाही, हेही खरे आहे. ते दुःख आम्ही लहान करून सांगत नाही. पण माणूस राहिला तर वाडी पुन्हा उभी राहते.

काही जण विचारतील, आम्ही तर डोंगराकडचे. आम्हाला समुद्राचे काय? वादळ किनारा ओलांडून आत येते. डोंगरावर मुसळधार पाऊस पाडते. ओढे फुगतात, दरडी कोसळतात. आणि दुसरे असे की, किनाऱ्यावरची माणसे हलवली तर ती जाणार कुठे? तुमच्याकडेच ना! तेव्हा देशादेशांत जसे मंडळ आहे, तसे खाडीकाठच्या गावाचे आणि डोंगराकडच्या गावाचे नाते पाहिजे. कुणाची किती माणसे कुणाच्या शाळेत उतरणार, त्यांना भाकरी कोण देणार, हे आधी ठरले पाहिजे. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही.

यासाठी पैसा फार लागत नाही. एक ग्रामसभा लागते. ती पावसाळ्याआधी घ्या, आणि दिवाळीच्या आधी पुन्हा एकदा घ्या. कारण आपल्याकडे वादळे बहुधा याच दोन हंगामांत येतात. त्या सभेत एवढे ठरवा :

मोबाईलवर, रेडिओवर इशारा आला की गावात दवंडी कोण देणार?

कोणत्या वाडीत म्हातारी माणसे, आजारी माणसे, गरोदर बायका, अपंग माणसे आहेत? त्यांची यादी कोणाकडे? त्यांना हात धरून कोण आणणार?

शाळेची किल्ली कोणाकडे? तो गावाला गेला तर दुसरी किल्ली कोणाकडे?

गुरांची दावी कोण सोडणार, आणि ती कुठल्या उंचवट्यावर नेणार?

होड्या समुद्रात किती गेल्या, किती परतल्या, हे कोण मोजणार?

अडचण आली तर जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. तो शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. आता तुम्हाला लिहिता येते. मग तुम्हीच लिहा.

आणि कधी इशारा आला, पण वादळ वाट बदलून दुसरीकडे गेले, तर कुरकुर करू नका. राखणदार रात्रभर जागला आणि चोर आला नाही, म्हणून कुणी राखणदाराला काढून टाकत नाही. एक रात्र शाळेत झोपलो, एवढेच आपले गेले.

बंधूंनो आणि भगिनींनो, १३ देशांनी मिळून खबर आपल्या गावाच्या वेशीपर्यंत आणून ठेवली आहे. वेशीपासून शेवटच्या घरापर्यंत ती नेण्याचे काम मात्र दिल्ली करणार नाही, मुंबई करणार नाही. ते आपले आहे. गाव करील ते राव काय करील! तेव्हा येत्या सभेत पहिले नाव कोण देतो, ते आज इथेच ठरवू या.