कॅमेरा कोणाच्या हातीं?
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवांत पालकांपुढें केलेलें भाषण)



या स्मरणिकेकरितां जुनीं छायाचित्रें गोळा करीत असतां एक छायाचित्र माझ्या हातीं आलें. तें मींच पुष्कळ वर्षांपूर्वीं काढविलें होतें. वसतिगृहासाठीं वर्गणी जमवावयाची होती. तिच्या पत्रकावर छापण्याकरितां पंधरा-वीस गरीब मुलें ओळीनें उभीं केलीं होतीं. त्यांतील एक मुलगा हंसत होता. छायाचित्रकारानें त्याला "जरा गंभीर हो" म्हणून सांगितलें, आणि मीं हरकत घेतली नाहीं. वर्गणी चांगली जमली. परंतु तें चित्र त्या मुलाला मीं कधीं दाखविलें नाहीं, व आज त्याचें नांवहि मला आठवत नाहीं. गरीब मुलांना छायाचित्रण शिकवावें असें जें मी आज आपणांस सांगणार आहे, त्याचा उगम या लाजेंत आहे, हें आरंभींच सांगून टाकतों.

गरिबाचें छायाचित्र काढणें ही साधी गोष्ट नव्हे. अमेरिकेंतील केंटकी राज्याच्या पूर्वेस लेचर नांवाचा डोंगराळ जिल्हा आहे. तो दगडी कोळशाच्या खाणींचा मुलूख. 1964 सालीं अध्यक्ष जॉन्सन यांनीं दारिद्र्याविरुद्ध युद्ध पुकारलें, तेव्हां त्या डोंगरांत वर्तमानपत्रांचे व दूरचित्रवाणीचे लोक कॅमेरे घेऊन लोटले. मोडकीं घरें, अनवाणी मुलें, कोळशानें माखलेले चेहरे, एवढेंच बहुधा त्यांना हवें असे. 1967 च्या सप्टेंबरांत ह्यू ओ'कॉनर नांवाचे कॅनडाचे चित्रपटकार तेथें एका खाणकामगाराचें चित्रण करीत होते. कामगाराची संमति होती. परंतु घरमालक होबार्ट आयसन याला तो आपला व आपल्या लोकांचा अपमान वाटला. तो पिस्तूल घेऊन आला व त्यानें ओ'कॉनर यांस ठार मारिलें. खुनाचें समर्थन कोण करील? तथापि गांवांतील पुष्कळांची सहानुभूति मारणाऱ्याकडे होती, आणि दहा वर्षांच्या शिक्षेपैकीं एकच वर्ष भोगून तो सुटला. लोकांच्या मनांत काय सांचलें होतें, हें यावरून ध्यानांत यावें.

त्याच जिल्ह्यांत सुमारें आठ वर्षांनीं वेंडी ईवाल्ड नांवाची एक तरुणी कॅमेरे घेऊन आली. तिनें ते लहान लहान शाळांतील मुलांच्या हातीं दिले. फुकट दिले नाहींत, ही गोष्ट मला विशेष आवडते. साधा इन्स्टामॅटिक कॅमेरा, किंमत दहा डॉलर. ते पैसे मुलांनीं कांहीं कामधंदा करून मिळवावयाचे. म्हणजे कॅमेरा दानाचा नव्हे, हक्काचा. फिल्म धुणें, कागदावर छापणें, हेंहि मुलेंच करीत. काळोख्या खोलींत, रसायनाच्या तबकांत कोरा कागद बुडवावा आणि त्यावर आपल्याच माणसाचा चेहरा हळूहळू उमटावा, हें सुख आजच्या मोबाईलवाल्या पोरांना ठाऊक नाहीं.

विषय तिनें चार दिले: स्वतः, घरचीं माणसें, जनावरें आणि स्वप्नें. या चौथ्या विषयानें मी चकित झालों. स्वप्नाचें छायाचित्र कसें काढावें? एका मुलास स्वप्न पडलें होतें कीं, आपल्या हातून जिवलग मित्र मारला गेला. त्यानें त्याच मित्राला झाडाच्या बेचक्यांत मेल्यासारखें निजवून चित्र काढिलें. असली भीति तो कोणापुढें बोलला असता काय? माझ्यापुढें तर नक्कीच नाहीं. आणखी एका मुलीनें पुनरुत्थान-रविवारच्या सकाळीं आपलें चित्र काढावयास आपल्या बहिणीला सांगितलें. तेच डोंगर, तेंच दारिद्र्य. पण येथें तिला कोणीं ओळींत उभें केलें नव्हतें. आपण कोणत्या दिवशीं, कशा रूपानें जगाला दिसावें, हें तिचें तिनें ठरविलें होतें.

हीं चित्रें 1985 सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. पुढें ईवाल्डबाई आपल्या गुजराथेंतील विछिया गांवींहि येऊन मुलांना शिकवून गेल्या.

कलकत्त्याच्या सोनागाछींतील मुलांविषयीं आपणांपैकीं कांहींनीं ऐकलें असेल. तेथें झाना ब्रिस्की या बाईंनीं वेश्यावस्तींतील मुलांना छायाचित्रण शिकविलें, व त्यावरील चित्रपटास 2005 सालीं ऑस्कर पारितोषिक मिळालें. मुलांचीं चित्रें खरोखरच सुंदर आहेत. परंतु तेथील स्त्रियांच्या संघटनेनें आक्षेप घेतला कीं, आपल्या लेकरांसाठीं आया स्वतः जी धडपड करितात, ती चित्रपटांत दिसत नाहीं. मला हा आक्षेप रास्त वाटतो. मुलाच्या हातीं कॅमेरा दिला, तरी त्याच्याभोंवतीं दुसरा कॅमेरा आपलाच फिरत राहतो.

आतां आपण विचाराल, "फादर, पोट भरावयाची पंचाईत, तेथें फोटो काय कामाचे?" प्रश्न खरा आहे, आणि यानें पोट भरेल असें वचन मी देत नाहीं. पण शाळेंतील मुलांचे "माझें घर" या विषयावरील निबंध मीं पुष्कळ तपासले आहेत. ज्याचें घर एका खोलीचें, त्याच्याहि निबंधांत घरापुढें बाग असते, बागेंत गुलाब असतो. मार्गदर्शिकेंत तसें लिहिलेलें आहे ना! पोर खोटें बोलत नसतें. आपलें घर लिहिण्याजोगें नाहीं, असें त्याला आपण शिकविलेलें असतें. छायाचित्रांत मार्गदर्शिकेचा गुलाब येत नाहीं. चुलीजवळची आई येते, दोरीवर वाळणारा एकुलता गणवेश येतो, आणि कधीं कधीं अशी कांहीं गंमत येते कीं, आपणच चाट पडावें.

सध्या आपल्याजवळ तीन जुने कॅमेरे आहेत. पुढील रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर शाळेच्या सभागृहांत आरंभ करूं. कॅमेऱ्याच्या मोबदल्यांत मुलांनीं चर्चच्या आवारांतील झाडांना पाणी घालावयाचें. पहिला विषय "घरचीं माणसें". चित्र प्रथम घरीं दाखवावयाचें, आणि घरच्यांची संमति असेल तरच भिंतीवर लावावयाचें. खालीं काढणाऱ्याचें नांव. गंभीर व्हा, असें कोणी कोणास सांगणार नाहीं.

आणि एक विनंति. तें वर्गणीचें छायाचित्र दाराजवळच्या मेजावर ठेविलें आहे. दुसऱ्या ओळींत डावीकडून तिसरा मुलगा. आतां तिशी ओलांडली असेल. कोणीं ओळखल्यास त्याला माझ्याकडे पाठवा. तें चित्र त्याला द्यावयाचें राहून गेलें आहे.