वाऱ्याचा दोष नाही

कुणाला पक्षाघात झाला की गावाकडे म्हणतात, 'त्याच्या अंगावरून वारं गेलं.' पुस्तकी मराठीतला 'अर्धांगवायू'ही वाऱ्यालाच दोष देतो. आमच्या घरच्या दखनीत 'लकवा मारला' म्हणतात. अरबीतून आलेला तो शब्द मराठीतही रुळला आहे. या साऱ्यांचा सूर एकच : कुठून तरी काही अवचित आलं आणि माणसाला पाडून गेलं. मी कविता लिहिणारा माणूस, शब्दांवर माझा जीव. पण इथे शब्द आपल्याला फसवतात. दर वेळी ते अवचित नसतं.

जबड्याखाली, मानेच्या एका बाजूला बोट हलकेच ठेवा. ठोके लागतात. ही कॅरोटिड धमनी. डावीकडे एक, उजवीकडे एक. मेंदूच्या पुढच्या मोठ्या भागाला रक्त याच पुरवतात. मानेत वरच्या बाजूला तिला दोन फाटे फुटतात आणि त्या फाट्यापाशीच वर्षानुवर्षं मेदाचा थर साचत जातो. त्यावर रक्ताची गुठळी धरते, तिचा तुकडा सुटतो आणि मेंदूत जाऊन अडकतो. उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेलं कोलेस्टेरॉल, विडी-सिगारेट ही त्यामागची नेहमीची कारणं. सगळेच झटके मानेतून येत नाहीत. पण जे येतात, ते पुष्कळदा आधी निरोप धाडतात.

तो निरोप कसा असतो? हातातली कपबशी निसटते. तोंड एका बाजूला ओढलं जातं. जीभ जड होते, रोजचा शब्द सापडत नाही. एका डोळ्यापुढे पडदा उतरल्यासारखा अंधार येतो. पाच-दहा मिनिटांत सगळं पूर्ववत! मग घरातले म्हणतात, 'पित्त झालं असेल, ऊन लागलं असेल.' घात होतो तो इथेच. गुठळीचा तुकडा विरघळला म्हणून माणूस सावरला. मानेतला थर जागच्या जागीच आहे. मोठ्या झटक्याचा धोका पुढच्या काही दिवसांतच सर्वांत जास्त असतो.

१९५४ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात, असे झटके वारंवार येणाऱ्या एका बाईंच्या धमनीचा अरुंद भाग काढून टोकं जोडली गेली. झटके थांबले. १९९१ साली उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. निरोप येऊन गेलेल्या आणि धमनी ७० ते ९९ टक्के अरुंद झालेल्या रुग्णांत, नुसत्या औषधांवर असलेल्या शंभरांपैकी २६ जणांना दोन वर्षांत त्याच बाजूचा झटका आला. शस्त्रक्रिया झालेल्यांत ९ जणांना. त्यानंतर औषधंही सुधारली. शस्त्रक्रिया प्रत्येकाला लागत नाही. ते डॉक्टर ठरवतील. पण ती लागणार असेल, तर पहिल्या दोन आठवड्यांत झालेली अधिक उपयोगी पडते.

तेव्हा असं काही घडलं, तर बरं वाटलं तरी त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठा. सीटी स्कॅनची सोय असलेलं पाहा. १०८ ला फोन करा. मनानं गोळी देऊ नका, कबुतराच्या रक्ताचे लेप लावू नका. मानेची डॉपलर तपासणी सोनोग्राफीसारखीच असते. तिला ना सुई, ना वेदना.

हरवलेला शब्द पाच मिनिटांत परत आला, याचा आनंद जरूर माना. पण तो कुठे गेला होता, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय राहू नका.