बाळाचा घास बाळाच्या हाती
(संस्थेच्या पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



शाळेच्या मेळाव्यात तान्ह्या बाळाच्या जेवणाचा विषय कशाला, असे आपणांपैकी काहींना वाटेल. परंतु या विषयाचे शाळेशी दुहेरी नाते आहे. एक तर पहिलीच्या वर्गात जे मूल आमच्यासमोर येऊन बसते, त्याच्या शरीराची आणि मेंदूची बरीचशी उभारणी वयाच्या पहिल्या दोन वर्षांतच झालेली असते. दुसरे म्हणजे, कापूस वेचणीचे दिवस आले की हजेरीपटावर पाचवी-सहावीच्या मुलींच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. चौकशी केली की उत्तर मिळते, "सर, अम्मी शेतात जाते. घरी बाळाला भरवायला कोणी नाही." म्हणजे बाळाच्या घासाची किंमत त्याच्या आपाची शाळा देते. म्हणून या घासाचा थोडा विचार आपण मिळून करू या.

पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध पुरते. वरचे पाणीसुद्धा लागत नाही. सहा महिने पूर्ण झाल्यावर मात्र नुसत्या दुधावर भागत नाही. आईच्या पोटात असताना बाळाने साठवलेले लोह तोवर संपत आलेले असते आणि वाढ तर झपाट्याने चालू असते. दूध बंद करावयाचे नाही, त्याला जोड द्यावयाची आहे. आपल्या धर्मात दूध पाजण्याची पूर्ण मुदत दोन वर्षांची सांगितली आहे. जागतिक आरोग्य संघटनाही दोन वर्षे आणि त्यापुढेही स्तनपान चालू ठेवा, असेच सांगते.

प्रत्यक्षात काय घडते? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील सहा ते आठ महिन्यांच्या शंभर बाळांपैकी सुमारे ४६ बाळांनाच दुधाबरोबर वरचे अन्न मिळत होते. आपल्या महाराष्ट्रात पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी सुमारे ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. याला कारणे अनेक आहेत. गरिबी आहे, आजारपण आहे, आईचे कष्ट आहेत. पण उशिरा सुरू केलेले आणि पाण्यासारखे पातळ अन्न हेही त्यांतले एक कारण आहे, आणि ते दूर करणे आपल्या हाती आहे.

आता बाळाने आपल्या हाताने खाण्याविषयी. अमेरिकेत डॉ. क्लॅरा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९२६ साली एक प्रयोग सुरू केला. नुकतेच दूध सुटलेल्या बाळांसमोर साधे, सकस पदार्थ वेगवेगळ्या वाट्यांत मांडून ठेवीत. अशा पदार्थांची यादी ३४ जिनसांची होती. परिचारिका चमचा घेऊन गप्प बसे. बाळाने हात पुढे केला तरच त्याला मदत करी. १९३९ साली त्यांनी एकंदर १५ मुलांची हकीकत मांडली. मुले कधी हे, कधी ते खात. पण सर्वांची वाढ उत्तम झाली. यावरून "मुलाला सारे कळते, त्याच्यावर सोपवा," असे मात्र समजू नये. त्या वाट्यांत बिस्कीट नव्हते, साखर नव्हती. ताटात काय वाढायचे ते मोठ्यांनी ठरविले आणि किती खायचे ते बाळाने ठरविले. मला वाटते, साऱ्या विषयाचे सार यातच आहे.

अलीकडे या पद्धतीचा पुन्हा प्रसार झाला आहे. न्यूझीलंडमध्ये २०६ मातांना घेऊन याचा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. हाताने खाणारी बाळे खाण्याच्या बाबतीत कमी चोखंदळ निघाली. मात्र त्या मातांना प्रत्येक जेवणात लोहयुक्त आणि शक्ती देणारा पदार्थ ठेवण्यास मुद्दाम शिकविले होते, हे विसरू नये.

आपल्या जवळचा दाखला हवा असेल तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा घ्या. तिने नलगोंडा जिल्ह्यातील ६० गावांत ६०० माता-बालकांचा अभ्यास केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. काय खाऊ घालावे याबरोबरच बाळाच्या खुणा ओळखून, बोलत-खेळत कसे भरवावे, हेही जिथे मातांना शिकविले, तिथल्या मुलांची बौद्धिक वाढ अधिक चांगली दिसली. तोंड दाबून घास कोंबणे आणि बाळाशी बोलत घास देणे, यांत असा फरक पडतो.

आपल्या घरी हे कसे करावे? बाळ थोड्या आधाराने बसू लागले, मान सावरू लागले, हाती येईल ते तोंडात घालू लागले, की त्याला दस्तरखानावर आपल्या शेजारी बसवा. त्याचे आणि आपले हात साबणाने धुवा. शिजवलेले गाजर, भोपळा, रताळे यांचे बोटाएवढे तुकडे त्याच्या हाती द्या. सहा महिन्यांच्या बाळाला मुठीच्या आतले खाता येत नाही, म्हणून तुकडा मुठीबाहेर उरेल एवढा लांब असावा आणि दोन बोटांत दाबला की कुस्करला जावा. पिकलेले केळे, पपई, उकडलेले अंडे चालते. नवव्या महिन्याच्या सुमारास बाळ चिमटीत दाणा धरू लागते. पुढे पेन्सिल धरावयाची ती याच चिमटीने.

तरीही आपल्या भागात केवळ बाळाच्या हातावर विसंबून चालणार नाही. निम्मे त्याच्या हाताने, निम्मे आपल्या हाताने, असे असावे. घट्ट वरणात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, वर थोडे तेल किंवा तूप. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी. घरी असेल त्या दिवशी नीट शिजवलेला बारीक खिमा किंवा कलेजी. ज्वारी तर आपल्या घरचीच. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट संस्थेच्या सहकार्याने २०१८ साली "परभणी शक्ती" हे वाण दिले. त्याच्या एका किलोत सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह असते. नेहमीच्या वाणात ते ३० च्या आसपास असते. सहाव्या ते आठव्या महिन्यात दिवसातून दोन-तीन वेळा आणि पुढे तीन-चार वेळा खाऊ घालावे. बाळाने तोंड फिरविले की थांबावे.

काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे, बोरे, कच्चे गाजर बाळाच्या हाती देऊ नये. शेंगदाण्याचे बारीक कूट अन्नात मिसळून चालते. चहात बुडवलेले बिस्कीट हे जेवण नव्हे. मध वर्ष पूर्ण होईपर्यंत देऊ नये. त्यात क्वचित असणारे जंतू तान्ह्या बाळाच्या आतड्यात विष तयार करतात. बाळ खाताना ओकारी काढते, खोकते, तोंड लाल करते, तेव्हा घाबरू नये. ते स्वतःच घास पुढे आणते. परंतु आवाज बंद झाला आणि ओठ निळे पडू लागले, तर बाळाला हातावर पालथे, डोके खाली करून धरावे आणि पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, तळहाताने पाच थापा द्याव्यात. न निघाल्यास उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच वेळा दाबावे. असे आलटून पालटून करीत राहावे आणि तोवर दवाखान्याची धावपळ दुसऱ्याने करावी. न दिसणारा तुकडा काढण्यासाठी घशात बोट घालू नये.

म्हणूनच खाणाऱ्या बाळापाशी मोठे माणूस हवेच. दहा वर्षांच्या मुलीवर ही जोखीम टाकणे बाळाच्याही हिताचे नाही. बाळ घरच्यांबरोबर घरचेच अन्न खाऊ लागले तर त्याच्यासाठी वेगळा स्वयंपाक लागत नाही आणि भरवण्यासाठी वेगळे माणूसही घरी बसवावे लागत नाही. सकाळी शेतात जाण्यापूर्वी आणि संध्याकाळी परतल्यावर त्याला सर्वांबरोबर जेवू घाला. दुपारच्या घासाला दादी किंवा नानी बसू शकते. ज्या घरी तेही शक्य नाही, तिथे दोन-तीन घरांनी मिळून एका वडीलधाऱ्या बाईची सोय करावी. आणि वडील मंडळींनो, रात्रीचा घास आपण भरवावा. त्यात कमीपणा काहीच नाही.

विद्यार्थी मित्रांनो, बाळ जसे बहिणीचे, तसेच भावाचेही आहे. जमिनीवर सांडलेली खिचडी पुसून घेणे मुलग्यांनाही जमते. बाळाचे खाताना सांडते, कपडे खराब होतात, वेळ लागतो. अक्षर गिरवताना पाटी खराब होते, म्हणून आपण मुलाची पेन्सिल काढून घेत नाही. इथेही तेवढाच धीर धरू या.

उद्या सकाळी बाळाच्या ताटात काय वाढायचे ते आपण ठरवा, आणि त्याच्या आपाला वेळेवर शाळेत पाठवा, एवढीच विनंती करून मी माझे भाषण संपवतो.  जय हिंद.

(सहायक शिक्षक, बी.ए., बी.एड., पोखर्णी, जि. परभणी)