पिंपरी-भोसरीचे उद्योग आणि आपण



पुण्याच्या वेशीबाहेर जी उद्योगनगरी उभी राहिली, तिच्या इतिहासाकडे आपले लक्ष वेधावे अशी आमची इच्छा आहे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ जन्मास आले. शेतजमिनी संपादून त्याने रस्ते, पाणी व भूखंड यांची सोय केली. टेल्को, बजाज यांसारखे मोठे कारखाने आले आणि त्यांना लागणारे सुटे भाग घडविणारी लहान वर्कशॉपे भोसरीत दाटीने उभी राहिली.

परंतु एकाच गिऱ्हाइकाच्या भरवशावर धंदा करणे धोक्याचे असते. २००७ साली आकुर्डीच्या बजाज कारखान्यात वाहने बनविणे थांबले. ज्याची सारी मागणी एकाच दारातून येते, त्याच्या यंत्रांवर अशा वेळी धूळ बसते. जो दुसरे काम शिकून ठेवतो, तो तगतो. त्याच आकुर्डीत २०२२ साली विजेवर चालणाऱ्या स्कूटरचा कारखाना सुरू झाला. भूमी तीच, विद्या मात्र नवी.

मुलाने नोकरी धरावी, हीच आपल्या घरोघरी अपेक्षा असते. आमची विनंती इतकीच, की वर्कशॉप काढू पाहणाऱ्या मुलास अथवा मुलीस परावृत्त करू नये. ज्ञातीच्या निधीतून शिष्यवृत्तीबरोबरच पहिल्या यंत्रापुरते कर्जही द्यावे, आणि कर्जासोबत चोख हिशेबाची शिस्तही लावावी. एवढे झाले तर आमचे बोलणे कारणी लागले, असे आम्ही समजू.