एकट्याची वाट आणि दिंडीची वाट
(शताब्दी सोहळ्यात केलेले भाषण)



दिंडीच्या शंभर वर्षांबद्दल बोला असं मला सांगितलं. मी मात्र दिंडी सोबत नव्हती त्या एका दिवसाबद्दल बोलणार आहे. दिंडी आपल्यासाठी काय काय करते, ते मला त्या दिवशी नीट कळलं.

आषाढीला आपण सगळे मिळून चालतो. चैत्री वारी मात्र नोकरीतून मोकळा झाल्यापासून मी एकटाच पायी करतो. फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर. रस्ता आपल्या पालखीचाच. दशमीला पंढरपूर गाठायचं, हा हिशेब.

त्या वर्षी रामनवमीला माळशिरस सोडलं. सकाळपासून अंगाची लाही. दुपारनंतर वारा पडला, पान हलेना. जुन्या माणसांना हे वळवाचं लक्षण ठाऊक आहे. खुडूस फाट्याजवळ आलो आणि मागून आभाळ काळंनिळं होऊन आलं. आषाढात तिथं रिंगण होतं तेव्हा मुंगीला शिरायला वाट नसते. त्या दिवशी सगळं रान मोकळं, आणि त्या मोकळ्या रानात उंच असा मी आणि माझ्या खांद्यावरची पताका!

वीज चमकली की मी मनात आकडे मोजतो. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर येतो. पहिल्यांदा चाळीस आकडे झाले, मग पंचवीस, मग बारा. वीज चालून येत होती. मी पताका उतरवली, गुंडाळून छातीशी धरली, काठी आडवी घेतली. कुणी म्हणेल पताका खाली कशी केली? माऊली, पताका सांभाळायला वारकरी जिवंत पाहिजे.

एकाच लिंबाखाली एक मेंढपाळ दादा मेंढरं घेऊन उभा होता. मी ओरडलो, "दादा, झाड सोडा! त्या स्लॅबच्या घराकडं चला!" तो म्हणाला, "मेंढरं टाकून कसा येऊ?" म्हटलं, "मेंढरंबी तिकडंच हाणा." दोघांनी मिळून हाणली. दार एका आजींनी उघडलं. "या माऊली, आत या. अन् त्यो दाराशी उभा ऱ्हायलाय, त्यालाबी आत घ्या."

मग गारा सुरू झाल्या. अर्धा तास कुणाला कुणाचं बोलणं ऐकू येईना. थांबल्या तेव्हा मागच्या बागेत डाळिंबांचा सडा पडला होता. आजी दारात उभ्या राहून बघत होत्या. डोळ्यांत पाणी होतं, पण त्यांनी आधी आम्हा दोघांच्या हातावर रामजन्माचा सुंठवडा ठेवला.

ढग अजून गुरगुरत होते. मला वेळापूर गाठायची घाई. आजी म्हणाल्या, "पंढरपूर कुठं पळून जातंय का? बसा." बसलो. रात्री तिथंच हरिपाठ झाला. दादांना हरिपाठ माझ्यापेक्षा चांगला येत होता.

सकाळी आजींना बागेचे फोटो काढून दिले आणि पंचनाम्यासाठी तलाठ्यांच्या नावानं अर्ज लिहून दिला. आयुष्यभर कारकुनी केली, ती कामाला आली. दशमीचं पंढरपूर एकादशीला दुपारी गाठलं. कळसाचं दर्शन घेताना नेम मोडला असं मला मुळीच वाटलं नाही. जीव राखायला थांबणं आणि संकटातल्या घराला हात लावणं, हेही वारीतच येतं.

आता दिंडीकडं येतो. दिंडीत कुठं थांबायचं हे ठरवायला मालक असतात. चोपदारांनी चोप उंचावला की हजारो माणसं गप्प होतात. समाजआरतीला हरवल्या-सापडल्याची हाक दिली जाते. हैबतबाबा आरफळकरांनी सोहळ्याला ही शिस्त लावून दिली म्हणून आपण निवांत अभंग म्हणत चालतो. एकट्याला हे सगळं स्वतःच करावं लागतं: आभाळ बघायचं, अंतर मोजायचं आणि आपल्या घाईला आपणच "थांब" म्हणायचं. शेवटचं सगळ्यात अवघड.

अलीकडं बरीच तरुण मुलं एकटी चालतात. चाला बाबांनो, पण एवढं ध्यानात ठेवा. वीज आणि गडगडाट यांत तीस आकडे भरेनात, तर पक्कं घर किंवा काचा लावलेली गाडी गाठा. एकट्या झाडाखाली, पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये, पाण्यात, तारेच्या कुंपणाजवळ थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. आडोसाच नसेल तर पाय जुळवून उकिडवं बसा, आडवं पडू नका. वीज पडलेल्या माणसाला हात लावायला भिऊ नका, त्याच्या अंगात करंट राहत नाही. १०८ ला फोन करा, श्वास थांबला असेल तर छाती दाबत राहा. मोबाईलवर पुण्याच्या हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप घ्या, ते जवळच्या विजेची सूचना देतं.

आणि दिंडीला माझी एक विनंती. पाण्याच्या टँकरला माणूस नेमतो, स्वयंपाकाला नेमतो, तसा या आषाढीपासून आभाळाकडं बघायला एक माणूस नेमा. त्यानं "थांबा" म्हटलं की विणेकऱ्यांपासून शेवटच्या तुळशीवाल्या माऊलीपर्यंत सगळ्यांनी थांबायचं. आणि एखादं माणूस झाडाखाली राहिलं असेल, तर त्याला हाक मारून आत घ्यायचं.

बोला, पुंडलिक वरदा हारि विठ्ठल!