कॅमेरा मोठा की उजेड मोठा?

(वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यात, रात्रीच्या साक्षरता वर्गात एका फोटोग्राफरने केलेले भाषण)

मी काही विद्वान माणूस नव्हे. मी फोटो काढणारा आहे. तुमच्या घरच्या लग्नात गळ्यात पट्टा अडकवून जो माणूस नवरदेवाच्या पुढे पुढे करतो, तोच मी. गुरुजी म्हणाले, "तुमच्या धंद्यातले चार शब्द सांगा." म्हणून उभा राहिलो.

तुम्ही म्हणाल, कॅमेऱ्याशी आम्हांला काय करायचे? पण असे पाहा. दोन महिन्यांपूर्वी शेजारच्या गावातला एक शेतकरी माझ्या दुकानात आला. त्याचा मुलगा दोन वर्षांपासून लग्नांचे फोटो काढतो. कॅमेरा जुना आहे. तो बाप म्हणाला, "भाऊ, पोरगा म्हणते नवा कॅमेरा पाह्यजे. नाही तर धंदा चालत नाही म्हणते. कापसाचे चाळीस हजार हाती आहेत. त्यातच बियाणं पाह्यजे, पोरीची फी पाह्यजे. बाकीचं कर्ज काढू म्हणते. काय करू? देऊ का नको?"

मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. कारण या प्रश्नात मी स्वतः एकदा फसलो होतो. ती गोष्ट आधी सांगतो.

मी धंद्यात नवा होतो, तेव्हा एक मोठा कॅमेरा हप्त्यावर घेतला. कागदावर सही केली, पण कागद वाचला नाही. पहिलेच काम हळदीचे मिळाले. आतली खोली, एकच ट्यूबलाइट. फोटो पाहिले तर पूर्वीसारखेच! काळपट आणि हललेले. असे का झाले? सारा पैसा मी कॅमेऱ्याच्या धडावर घातला होता. त्याला लावलेली लेन्स साधीच होती. धड नवे, डोळा जुना!

पुढे आषाढी एकादशी आली. चातुर्मास लागला. तुळशीच्या लग्नापर्यंत आपल्याकडे लग्ने नाहीत. लग्ने नाहीत म्हणजे कमाई नाही. पण हप्त्याला चातुर्मास नसतो, मंडळी! तो दर महिन्याला येतोच. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. शेवटी तो कॅमेरा निम्म्याहून कमी किमतीत विकला. पाटल्या सोडवायला दोन वर्षे लागली. ती मला एका शब्दाने बोलली नाही. ते न बोलणेच जास्त लागले.

तेव्हापासून मी एक गोष्ट शिकलो. कॅमेरा घेण्याआधी विचारावे, आपले काम कुठे अडते? जिथे अडते, तिथेच पैसा घालावा.

सेवाग्रामचा कॅमेरा

आपल्याच जिल्ह्यातले एक उदाहरण देतो. गांधीजी 1936 साली वर्ध्याजवळ राहायला आले. त्या गावाला आपण आज सेवाग्राम म्हणतो. तिथे त्यांच्या नात्यातला एक तरुण होता, कनू गांधी. तो हिशेब आणि पत्रव्यवहार यांत मदत करी. त्याला फोटो काढण्याची ओढ लागली. पण आश्रमात कॅमेऱ्याला पैसा कुठला? तेव्हा घनश्यामदास बिर्ला यांनी त्याला 100 रुपये दिले. त्यांतून एक रोलीफ्लेक्स कॅमेरा आला.

गांधीजींनी परवानगी दिली, पण तीन अटी घातल्या. फ्लॅश मारायचा नाही. 'इकडे पाहा, तसे बसा' असे सांगायचे नाही. आणि आश्रम या कामाला पैसा देणार नाही.

आता विचार करा. रोलीफ्लेक्स हा जर्मनीचा चांगला कॅमेरा, पण त्याची फोटो काढणारी लेन्स एकच, तीही पक्की बसवलेली. दूरचे जवळ आणता येत नाही. जवळ हवे तर पायांनी जवळ जायचे. एका रोलमध्ये फोटो 12. मातीच्या कुटीत उजेड थोडा, आणि फ्लॅशची बंदी. तरीही गांधीजींच्या शेवटच्या दहा वर्षांतले कितीतरी जिवंत फोटो कनू गांधींनी काढले. जे जवळ होते ते त्यांनी पुरते ओळखले होते. उजेड कुठून येतो, कधी येतो, आपण कुठे उभे राहावे, हे त्यांना पाहावेच लागले.

मी असे म्हणत नाही, की जुन्या कॅमेऱ्यावरच जन्म काढा. त्यांचाही कॅमेरा चांगलाच होता. मी एवढेच म्हणतो, कॅमेरा उजेड बनवीत नाही. असलेला उजेड तो फक्त आत घेतो.

लेन्स म्हणजे खिडकी

मी त्या शेतकऱ्याला म्हटले, "पोराला पाठवा. येताना त्याचे शंभर फोटो घेऊन ये म्हणावे. चांगले आणि बिघडलेले, दोन्ही."

मुलगा आला. आम्ही फोटोंच्या दोन राशी केल्या. वावरातले, अंगणातले, वरातीपूर्वीचे फोटो चांगले होते. बिघडलेले बहुतेक घरातले, नाही तर रात्रीच्या मांडवातले. म्हणजे त्याचे काम अंधारात अडत होते. दुसरीकडे कुठे नाही.

लेन्स ही घराच्या खिडकीसारखी आहे. खिडकी मोठी, तर उजेड जास्त. लेन्सवर 'एफ' अक्षरापुढे आकडा असतो. तो आकडा जितका लहान, तितकी खिडकी मोठी. हे उलटे वाटते, पण ध्यानात ठेवा. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या साध्या लेन्सचा आकडा, दूरचे जवळ ओढले की, एफ 5.6 होतो. 50 मिलिमीटरची एक लहान लेन्स मिळते. तिचा आकडा एफ 1.8. तिच्यातून जवळजवळ दहापट उजेड आत येतो. जिथे सेकंदाचा पंधरावा भाग लागत होता, तिथे सव्वाशेवा भाग पुरतो. मग हळद लावणाऱ्या हाताचा फोटो हलत नाही.

नव्या कॅमेऱ्याच्या मानाने ही लेन्स पुष्कळ स्वस्त असते. तिच्यात खोटही आहे. ती मागेपुढे होत नाही. लहान खोलीत भिंतीला पाठ लावून उभे राहावे लागते. पण पाय आहेत ना आपल्याला!

दुसरी वस्तू फ्लॅश. तो सरळ तोंडावर मारला की चेहरा पांढराफटक दिसतो. पांढऱ्या छताकडे वळवून मारला की उजेड मऊ होऊन खाली येतो. मात्र वर लाल-पिवळे कापड असेल, तर नवरीचा चेहराही लाल-पिवळा होतो. कौलांवरून तर उजेड परत येतच नाही. म्हणून आधी मान वर करून पाहावे.

आकड्यांना भुलू नका

मुलगा म्हणाला, "काका, माह्या कॅमेऱ्यात ठिपकेच कमी आहेत. चोवीसच मेगापिक्सेल."

मी त्याला हिशेब करायला लावला. तुम्हीही पाटीवर करा. लोक भिंतीवर लावायला 12 इंच लांब, 8 इंच रुंद फोटो मागतात. चांगल्या छपाईला एका इंचात 300 ठिपके लागतात. 12 गुणिले 300 म्हणजे 3,600. 8 गुणिले 300 म्हणजे 2,400. दोहोंचा गुणाकार 86 लाख 40 हजार. त्याच्या कॅमेऱ्यात ठिपके होते 2 कोटी 40 लाख. मग कमी कुठे आहेत? हिशेब येत असला, की जाहिरात आपल्याला फसवू शकत नाही.

जुना कॅमेरा पाहून घ्यावा

कधी कधी कॅमेरा बदलावाच लागतो. शटर झिजते. दुरुस्तीचा खर्च किमतीच्या जवळ जातो. गिऱ्हाईक व्हिडिओ मागते आणि जुन्या कॅमेऱ्यात तो नीट येत नाही. अशा वेळी वापरलेला कॅमेराही चालतो. हल्ली बिनआरशाचे नवे कॅमेरे आले आहेत. त्यामुळे आरशाचे चांगले जुने कॅमेरे पुष्कळजण विकतात.

पण बैल घेताना आपण दात पाहतो. तसे इथेही पाहावे. शटर किती वेळा उघडले, तो आकडा काढून मागावा. साध्या कॅमेऱ्याचे शटर साधारण एक लाख वेळा चालावे अशा बेताचे असते. लेन्समधून बॅटरीचा उजेड पाडून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसले, तर ती बुरशी समजावी. अशी लेन्स घेऊ नये. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून डाग पाहावेत. बिल आणि चार्जर मागावा. एका कंपनीची लेन्स दुसरीच्या कॅमेऱ्यावर सरळ बसत नाही, हेही विसरू नये.

आणि घेतलेली वस्तू जपावी. पावसाळ्यात कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्या. बुरशी लागत नाही. हा उपाय काही रुपयांचा आहे. तो न केला तर तोटा हजारांचा.

शेवटी काय झाले?

बापलेकांनी एक वापरलेली लेन्स, एक वापरलेला फ्लॅश आणि एक जादा बॅटरी घेतली. सगळे मिळून बारा हजारांच्या आत बसले. बियाण्याच्या पैशाला हात लागला नाही. मुलीची फी भरली. कर्ज काढावे लागले नाही.

सगळेच गोड झाले असे नाही. एका गिऱ्हाइकाने मोठा कॅमेरा नाही म्हणून काम दुसऱ्याला दिले. पोरगा अजून थोडा रुसलेला आहे. त्याच्या वयात मीही रुसलो असतो. मी त्याला एक वही दिली आहे. काम गेले, की तारीख लिहायची आणि का गेले ते लिहायचे. वर्षभराने ती वहीच सांगेल, नवा कॅमेरा हवा की नको. हवा असे निघाले, तर बापाने खुशाल घेऊन द्यावा. मीही त्याच्याबरोबर दुकानात जाईन.

बंधुभगिनींनो, तुमच्याकडे कॅमेरा नसेल. पण पंप असेल, शिलाई यंत्र असेल, मोटारसायकल असेल. तिथेही हाच प्रश्न येतो. आपले काम कुठे अडते ते आधी शोधा. चार महिने कमाई नसताना हप्ता कुठून भराल, ते लिहून काढा. आणि हप्त्याचा कागद पुरता वाचल्याशिवाय सही करू नका. तुम्ही रात्री इथे कंदिलासारखे जागता, अक्षरे गिरवता, ते याचसाठी. मी तो कागद वाचला असता, तर पाटल्या घरातच राहिल्या असत्या.

 

वाचा आणि सांगा

1. नवा कॅमेरा घेऊनही हळदीचे फोटो का बिघडले?
2. गांधीजींनी कनू गांधींना कोणत्या तीन अटी घातल्या?
3. 'हप्त्याला चातुर्मास नसतो' याचा अर्थ काय?
4. तुमच्या घरात पुढची मोठी खरेदी कोणती? तुमचे काम कुठे अडते, ते तीन ओळींत लिहा.